इलेक्ट्रिक गिटार घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करताना : आधी कोरडा आवाज सांभाळा

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली भाजीवाल्याची हाळी, समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या, संध्याकाळी दोन बिल्डिंगींच्या मधल्या जागेत मुलांचं क्रिकेट. याच घरातल्या आतल्या खोलीत मी गेली बरीच वर्षं इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करतोय, आणि यातला एकही आवाज त्या रेकॉर्डिंगमध्ये नाही. गायकाला किंवा तबलजीला हे सुख नाही. त्यांना माइक लागतो आणि माइकला सगळंच ऐकू येतं. इलेक्ट्रिक गिटारचं तसं नसतं. तारेचं कंपन पिकअपमध्ये, म्हणजे तारांखाली बसवलेल्या चुंबकाच्या पट्टीत, विजेत बदलतं आणि तो संकेत केबलमधून थेट कॉम्प्युटरकडे नेता येतो. मध्ये हवा नाही, म्हणून कुकरही नाही.

अशा थेट पकडलेल्या आवाजाला मी कोरडा आवाज म्हणतो. ऐकायला तो पातळ आणि अळणी लागतो. अ‍ॅम्प (संकेत मोठा करून त्याला रंग देणारं यंत्र), स्पीकर, एको हे सगळं त्यावर नंतर कॉम्प्युटरमध्ये चढवायचं असतं. नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण या चढवण्यातच महिनोन्‌महिने अडकतात. पण अ‍ॅम्प उद्या बदलता येतो, पाच वर्षांनीही बदलता येतो. गिटार बेसूर असेल, संकेत फाटला असेल, त्यात घूं-घूं मिसळली असेल किंवा लय ढळली असेल, तर मात्र पुढे काही करता येत नाही. उलट चढवलेला अ‍ॅम्प ते दोष मोठे करून दाखवतो. माझं पहिलं गाणं असंच गेलं. डिस्टॉर्शन पेडलचा (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेटीचा) आवाज मी सरळ लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातला होता. पुढे ड्रम आणि बास आल्यावर लक्षात आलं की डिस्टॉर्शन निम्मं हवं होतं. ते कमी करायला जागाच उरली नव्हती. गाणं पुन्हा वाजवायला मित्रांना एकत्र जमवणं त्यानंतर कधी जमलं नाही.

लॅपटॉपचं भोक का चालत नाही

गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी. तिच्यातून निघणारा संकेत नाजूक असतो, त्याला समोरून फार ओढ सहन होत नाही. ही ओढ ज्यावर ठरते त्याला अभियंते इम्पीडन्स म्हणतात, तो जितका जास्त तितकी ओढ कमी. गिटारला समोर साधारण १० लाख ओम, म्हणजे १ मेगाओमच्या आसपासचं इनपुट हवं असतं. लॅपटॉपच्या माइकच्या भोकाला ते जेमतेम काही हजार ओम असतं. एवढ्या ओढीखाली पहिले जातात ते वरचे स्वरांश, आणि गिटार गोधडीखाली ठेवून वाजवल्यासारखी येते. नंतर इक्वलायझरने ट्रेबल वाढवून ते परत येत नाहीत, वाढते ती खरखर.

म्हणून ऑडिओ इंटरफेस हवा. ही एक छोटी पेटी असते, यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायची. फोकसराइटचा स्कार्लेट सोलो, ऑडियंट किंवा एम-ऑडिओचे लहान इंटरफेस, यांतला कुठलाही चालेल. विकत घेताना दोनच गोष्टी बघा: इनपुटला ‘इन्स्ट’, ‘हाय-झेड’ किंवा गिटारचं चित्र असलेली सोय आहे का, आणि विंडोजसाठी कंपनीचा स्वतःचा ‘असिओ’ ड्रायव्हर मिळतो का. दुसरीबद्दल पुढे सविस्तर येईलच. एका वेळी एकच गिटार वाजवणाऱ्याला आठ इनपुटांची पेटी लागत नाही, दोन पुरतात.

मुंबईत असाल तर हे हातात घेऊन बघता येतं. धोबीतलावचं फुर्टाडोस १८६५ पासूनचं दुकान आहे, तिथे इंटरफेस, हेडफोन, तारा एका छताखाली मिळतात. केबल, जॅक, अडॅप्टर यांसाठी ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदाराला लॅमिंग्टनच म्हणा. डाग द्यायची इस्त्री वापरता येत असेल तर तिथून चांगली शिल्डेड वायर आणि धातूचे पाव इंची मोनो जॅक आणून केबल स्वतः बनवा. तुटल्यावर दुरुस्तही स्वतःच कराल. लांबी तीन मीटर पुरे. केबल जितकी लांब तितकी तिची कपॅसिटन्स (वीज साठवून ठेवण्याची खोड) जास्त, आणि तीही वरचा आवाज खाते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा मीटरची केबल पायात येण्यापलीकडे काही करत नाही.

यूएसबी टोक असलेली स्वस्त ‘गिटार केबल’ही मिळते. आधी करून बघायचंय एवढंच असेल तर ती घ्या, बोलणी खायची गरज नाही. फक्त तिच्यावर पातळी कमी-जास्त करायचं बटण बहुधा नसतं, त्यामुळे जोरकस पिकअपची गिटार तिला पेलत नाही.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले आणि वायरचे घ्या. ब्लूटूथ या कामाला अजिबात नको. आवाज इतका उशिरा पोचतो की वाजवणंच अशक्य होतं.

जोडणी

क्रम पाळा. इंटरफेसचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून आधी बसवा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा, मग इंटरफेस जोडा. तो हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये लावा. मॅकवर बहुतेक इंटरफेस ड्रायव्हरशिवायच ओळखले जातात. हेडफोनचा आवाज शून्यावर आणि इनपुटचा गेन (येणारा संकेत किती मोठा करायचा ते बटण) पूर्ण खाली ठेवूनच गिटारचा जॅक घाला. ‘इन्स्ट’चं बटण दाबा. ‘४८ व्होल्ट’ लिहिलेलं बटण बंद असू द्या, ते कंडेन्सर माइकसाठी असतं.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मी रीपर वापरतो. ते ६० दिवस पूर्णपणे वापरून बघता येतं, वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा आहे, आणि जुन्या लॅपटॉपवरही ते धावतं. मॅकवाल्यांना गॅरेजबँड फुकट मिळतं आणि त्यात अ‍ॅम्पही आहेत, सुरुवातीला दुसरं काही शोधू नका. ऑडॅसिटी हे कापाकापीला उत्तम, पण वाजवताना अ‍ॅम्पचा आवाज कानात ऐकवण्याची सोय त्यात नाही, म्हणून या कामाला मी ते सुचवत नाही.

नवीन प्रोजेक्ट उघडलं की सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) ४८,००० किंवा ४४,१०० ठेवा आणि बिट डेप्थ (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा ते) २४. यात हात आखडू नका. १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात साधारण ९६ डेसिबलचं (डीबी) अंतर मावतं, २४ बिटमध्ये कागदावर १४४. त्यामुळे पातळी जरा खाली ठेवली तरी काही बिघडत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच करायचंय. ४८,००० वर २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी जागा घेतो. तीन मिनिटांच्या गाण्यात गिटारचे सहा ट्रॅक केले तरी दीडशे एमबीच्या आसपास. जागेची काळजी करण्यासारखं त्यात काही नाही.

ट्रॅक मोनो घ्या. गिटारला एकच आउटपुट आहे. स्टिरिओ ट्रॅक उघडलात तर आवाज एकाच कानात येईल आणि अर्धा तास कारण शोधण्यात जाईल.

घूं-घूं : घरातली वीज आणि आपली गिटार

या भागावर मी जास्त थांबणार आहे, कारण मुंबईच्या जुन्या घरांत हीच सर्वांत मोठी अडचण असते आणि तिचं कारण दर वेळी वेगळं निघतं.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. घरातली प्रत्येक वायर, ट्रान्सफॉर्मर, चार्जर त्या ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र आजूबाजूला सोडत असतो, आणि पिकअप तर चुंबकीय बदल टिपण्यासाठीच बनलेला असतो. त्याला तार आणि ट्रान्सफॉर्मर यांतला फरक कळत नाही. एकेरी गुंडाळीच्या पिकअपमध्ये ही घूं सरळ येते. यावर उपाय म्हणून १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी दोन उलट्या गुंडाळ्या जोडून हंबकर बनवला. घूं दोन्हींत उलटसुलट येते आणि एकमेकींना मारते, तारेचा आवाज मात्र टिकतो. तुमच्या गिटारवर तीन बारीक पिकअप असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर स्विच ठेवून बघा. बऱ्याच गिटारांत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळे त्या दोन जागांवर घूं एकदम उतरते.

आता एक प्रयोग करा. गेन वाढवा, हेडफोन घाला, तारांना हात लावू नका आणि खुर्चीवर बसल्या बसल्या गिटारसकट हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घूं वाढेल, दुसऱ्या दिशेला जवळजवळ नाहीशी होईल. ती दिशा सापडली की खुर्चीच्या पायांपाशी लादीवर चिकटपट्टी लावून खूण करा. माझ्या खोलीत ती दिशा खिडकीकडे तोंड करून, जरा उजवीकडे आहे. गेली कित्येक वर्षं मी तिथेच बसून वाजवतो. लॅपटॉपपासून आणि चार्जरपासून गिटार हातभर तरी लांब ठेवा.

घूं जाड, गुणगुणणारी असेल तर ती चुंबकीय. ‘झिर्रर्र’ अशी खरखरीत, वरच्या पट्टीतली असेल तर कारण बहुधा दुसरं असतं: पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, स्वस्त एलईडी बल्ब. रेग्युलेटर आणि डिमर विजेची लाट मध्येच कापून वेग किंवा उजेड कमी करतात, आणि त्या कापण्याची खरखर वायरींतून घरभर फिरते. दिवे एकेक करून बंद करा आणि ऐका. पंख्याच्या बाबतीत माझा अनुभव असा की तो बंद करायला लागत नाही, पूर्ण वेगावर ठेवायचा. पूर्ण वेगावर लाट कापली जात नाही, म्हणून खरखर जवळजवळ जाते. पंख्याचा वाऱ्याचा आवाज कोरड्या रेकॉर्डिंगमध्ये येतच नाही. मे महिन्यात हा शोध मला फार मोलाचा वाटला.

तिसरी गोष्ट जरा गंभीर आहे. लॅपटॉप चार्जरवर असताना तारांना हात लावल्यावर बारीक मुंग्या येतात का? किंवा तारांवरून हात काढला की घूं वाढते आणि ठेवला की थांबते का? दुसरं थोड्या प्रमाणात प्रत्येक गिटारमध्ये होतं, आपलं शरीर अँटेनासारखं वागतं म्हणून. मुंग्या येणं मात्र बहुधा अर्थिंग नसल्याचं लक्षण असतं. चार्जरच्या आत खरखर गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून थोडीशी वीज लॅपटॉपच्या धातूवर येते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते. ते नसेल तर ती इंटरफेस, केबल, गिटारचा ब्रिज असा प्रवास करत तुमच्या बोटांत येते. जुन्या चाळींत आणि हाउसिंग बोर्डाच्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, हे मी स्वतःच्या घरात उघडून बघितलंय.

तात्पुरता उपाय सोपा आहे: चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. घूं निम्म्याहून खाली येते. कायमचा उपाय म्हणजे वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेणं. खर्च फार नाही, आणि हे गिटारसाठी नसून घरातल्या माणसांसाठी आहे. घूं जावी म्हणून प्लगची तिसरी पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दोनशे तीस व्होल्टशी असा खेळ करायचा नसतो. अ‍ॅम्प वापरत असाल तर तर नाहीच नाही.

एवढं सगळं करून जी थोडी घूं उरेल ती उरू द्या. वाजवताना ती झाकली जाते, आणि थांबलेल्या जागा नंतर कापता येतात.

सूर

नवीन तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी घाला, म्हणजे ताणून स्थिर होतात. मुंबईच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात, पावसाळ्यात तर आठवडाभरात बोटांना खरखरीत लागतात. प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसा, वरून आणि खालूनही. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. दमटपणाने लाकूड फुगतं, गळा किंचित वाकतो, म्हणून उन्हाळ्यात लावलेलं इंटोनेशन (गळ्यावर सगळीकडे सूर बरोबर लागणं) जुलैमध्ये टिकत नाही. गळ्यावरचा बारावा पडदा (फ्रेट) दाबून वाजवा आणि त्याच पडद्यावरचा हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर, वाजवा. दोन्ही ट्यूनरवर जुळत नसतील तर ब्रिजवरचा स्क्रू फिरवून घ्या. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरला असेल तर पुढे.

आणि प्रत्येक टेकच्या, म्हणजे रेकॉर्ड करायच्या प्रत्येक प्रयत्नाच्या, आधी ट्यून करा. दर तासाला नाही, प्रत्येक टेकच्या आधी. किंचित उतरलेली एकटी गिटार कानाला खपून जाते, पण तिच्यावर दुसरी गिटार चढवली की दोघींची भांडणं ऐकू येतात.

पातळी

गिटारचा व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही पूर्ण उघडा. आता गाण्यातला सर्वांत जोरकस भाग, जितक्या जोरात प्रत्यक्ष वाजवणार तितक्याच जोरात वाजवा. तपासताना माणूस भीत भीत वाजवतो आणि रेकॉर्डिंगला अंगात आल्यासारखा, हे लक्षात ठेवून. इंटरफेसचा गेन हळूहळू वाढवा. सॉफ्टवेअरच्या मीटरवर सर्वांत उंच उसळी उणे १२ ते उणे १० डीबीच्या आसपास थांबली पाहिजे. लाल दिवा एकदाही लागता कामा नये. शून्याच्या वर कॉम्प्युटरमध्ये जागाच नसते. संकेताचा माथा सपाट कापला जातो आणि त्याचा तडतडाट परत काढता येत नाही. जोरकस हंबकरमुळे गेन शून्यावर असूनही लाल दिवा लागत असेल तर पिकअप एक-दोन मिलिमीटर तारांपासून खाली घ्या. आवाजही मोकळा होतो.

वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटेचं चित्र, स्क्रीनवर बारीक दिसतो म्हणून घाबरू नका. चित्र मोठं करून बघायचं बटण असतं, ते दाबा. गेन वाढवू नका. आणि एकदा गेन ठरला की त्या गाण्यापुरता त्याला हात लावू नका, आकडा वहीत लिहून ठेवा.

उशिरा ऐकू येणं

तुम्ही तार छेडता आणि अ‍ॅम्पचा आवाज कानात पोचतो, यात कॉम्प्युटर थोडा वेळ खातो. तो आवाजाचे तुकडे साठवून मग एकदम हाताळतो. त्या साठ्याला बफर म्हणतात. ४८,००० च्या रेटवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, आणि जाताना एकदा व येताना एकदा धरून सुमारे ५.३. त्यावर ड्रायव्हर आणि पेटीचा स्वतःचा वेळ. १,०२४ वर ठेवलात तर एका बाजूलाच एकवीस मिलिसेकंद जातात.

हे आकडे अंगात भिनवायचे असतील तर असं समजा: आपल्याकडच्या उष्ण हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला सुमारे दीड वीत. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे अ‍ॅम्प साडेतीन मीटरवर ठेवून वाजवण्यासारखं, स्टेजवर रोजचंच. चाळीस मिलिसेकंद म्हणजे अ‍ॅम्प चौदा मीटर लांब, बिल्डिंगच्या दुसऱ्या टोकाला. तिथून लय सांभाळता येत नाही, आणि माणूस समजतो की आपल्यालाच वाजवता येत नाही.

म्हणून विंडोजवर असिओ ड्रायव्हर. स्टाइनबर्ग कंपनीने ही पद्धत १९९७ मध्ये आणली. विंडोजचा मधला रस्ता टाळून सॉफ्टवेअर थेट इंटरफेसशी बोलतं. रीपरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये असिओ निवडा, त्यात तुमच्या इंटरफेसचं नाव निवडा आणि बफर १२८ ठेवा. आवाजात ‘टक टक’ येऊ लागली तर २५६ करा. ब्राउझर बंद, वायफाय बंद, लॅपटॉपची पॉवर सेटिंग पूर्ण ताकदीवर. मिक्स करताना (सगळे ट्रॅक एकत्र बसवताना) मात्र बफर १,०२४ करा, तेव्हा उशिराने काही अडत नाही आणि कॉम्प्युटरला दम मिळतो.

आता सर्वांत जास्त जणांना चकवणारी जागा. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचं बटण असतं. ते चालू असताना कोरडा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट हेडफोनमध्ये येतो. तुम्ही सॉफ्टवेअरमधला अ‍ॅम्प ऐकत असाल तर ते बंद करा. नाहीतर आधी पातळ कोरडा आवाज आणि मागोमाग अ‍ॅम्पचा, असे दोन एकत्र ऐकू येतात आणि सगळं डब्यात वाजवल्यासारखं वाटतं. कॉम्प्युटर फारच जुना असेल तर उलट करा: डायरेक्ट चालू, सॉफ्टवेअरचा मॉनिटर बंद, आणि कोरडं ऐकतच वाजवा. स्वच्छ वाजवण्याच्या भागांना हे उत्तम चालतं.

सॉफ्टवेअरमधला अ‍ॅम्प

न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर फुकट आणि खुला आहे, आणि खऱ्या अ‍ॅम्पवरून शिकवलेली लोकांनी केलेली असंख्य मॉडेलं त्यात लावता येतात. गिटार रिग आणि अ‍ॅम्प्लिट्यूब यांच्याही मोफत आवृत्त्या आहेत. एकच घ्या आणि महिनाभर त्यावरच राहा.

ट्रॅकवर आधी अ‍ॅम्प, मग कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी. ही दुसरी पायरी अनेक जण गाळतात. गिटारच्या अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही. हा त्याचा दोष नाही, त्याच्यामुळेच डिस्टॉर्शन कानाला गोड लागतं. स्पीकर वगळून नुसता अ‍ॅम्प ऐकलात तर भांड्यात माशी अडकल्यासारखा आवाज येतो. कॅबिनेटसाठी ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ नावाच्या छोट्या फायली असतात, खऱ्या स्पीकरसमोर खरा माइक ठेवून घेतलेल्या. माझ्या अनुभवात अ‍ॅम्प बदलण्यापेक्षा ही फाइल बदलल्याने आवाज जास्त बदलतो. दोन-चार आवडत्या काढून ठेवा.

अ‍ॅम्पमधला गेन (डिस्टॉर्शन वाढवणारं बटण) आवडतो त्यापेक्षा थोडा कमी ठेवा. एकटं वाजवताना जास्त गेन भरीव वाटतो, पण दोन गिटारी एकत्र आल्या की प्रत्येक तारेचा ठोका पुसला जातो. रीपरमध्ये हे सगळं ट्रॅकच्या ‘एफएक्स’मध्ये टाका, ‘इनपुट एफएक्स’मध्ये नाही. पहिल्या ठिकाणी टाकलं तर कानात अ‍ॅम्प ऐकू येतो आणि डिस्कवर कोरडा आवाज उतरतो. दुसऱ्या ठिकाणी टाकलं तर अ‍ॅम्पचा आवाजच कायमचा छापला जातो.

टेक

क्लिक, म्हणजे लय धरायची टक-टक, लावा. आधी ड्रमचा साधा ठेका प्रोग्राम करून घेतला तर आणखी चांगलं, नुसत्या टक-टकपेक्षा ठेक्यावर हात मोकळा चालतो. सुरू करण्याआधी दोन मापं मोजायची सोय ठेवा. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. फोनचे संकेत पिकअप ‘टर्र-टिक टिक’ असे पकडतो, आणि तो आवाज नेमका चांगल्या टेकमध्ये येतो.

संपूर्ण गाणं एका दमात वाजवायचा हट्ट नको, पण चार-चार सुरांचे तुकडेही नकोत. मुखडा, अंतरा असे भाग करा आणि प्रत्येकाचे तीन टेक घ्या. तीनात जमलं नाही तर उठा, चहा घ्या. दहाव्या टेकला बोटं थकलेली असतात, आणि थकलेली बोटं तार वाकडी दाबून सूर चढवतात. टेक संपल्यावर शेवटचा स्वर पूर्ण विरेपर्यंत तारांवर हात ठेवू नका. मधला एखादा ठोका चुकला तर त्याच्या आधीपासून वाजवत या आणि तेवढाच तुकडा पुन्हा घ्या. जोड तार छेडण्याच्या किंचित आधी ठेवा, तिथे दोन-तीन मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा चढणं) द्या, तो ऐकू येत नाही.

ऱ्हिदम गिटार रुंद हवी असेल तर तोच भाग दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर आवाज फक्त मोठा होतो आणि मधोमधच राहतो. रुंदी येते ती दोन वाजवण्यांतल्या सूक्ष्म फरकातून. माझा भाचा विचारायचा, “मामा, मग मुद्दाम वेगळं वाजवू का?” नको. अगदी तसंच वाजवायचा प्रयत्न कर, माणूस आहेस, फरक आपोआप येतो.

रात्री दहानंतर हेडफोनवर वाजवायला काहीच हरकत नाही. भिंतीपलीकडे जाते ती फक्त तार छेडायच्या पिकची टिकटिक.

घरात अ‍ॅम्प असेल तर

दहा-पंधरा वॉटचा अ‍ॅम्प असेल आणि त्याच्याच आवाजावर जीव असेल तर माइक लावा. शुअरचा एसएम५७ हा १९६५ पासूनचा डायनॅमिक माइक यासाठी जगभर वापरतात. मजबूत आहे, फँटम पॉवर (ते ‘४८ व्होल्ट’चं बटण) लागत नाही. अ‍ॅम्प जमिनीवरून उचलून लाकडी खुर्चीवर ठेवा, भिंतीपासून लांब, मागे गादी उभी करा. टॉर्च मारून जाळीतून स्पीकरचा मधला गोल शोधा. माइक जाळीपासून तीन-चार सेंटिमीटरवर. मधल्या गोलावर रोखला तर आवाज धारदार, कडेकडे सरकवला तर मऊ. गोलाच्या काठापासून सुरू करा आणि बोटभर-बोटभर सरकवत ऐका. इथे इक्वलायझरला हात लावायच्या आधी माइकला लावायचा.

अ‍ॅम्पचा स्पीकर-आउट कधीही इंटरफेसमध्ये घालू नका, इंटरफेस जळेल. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प स्पीकर न जोडता चालू केला तर अ‍ॅम्पचाच ट्रान्सफॉर्मर जातो.

निवासी भागात ध्वनिमर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डीबी आहे. अ‍ॅम्प अर्ध्यावर उघडला तरी ती ओलांडली जाते, म्हणून मी हे फार कमी करतो. त्याऐवजी कोरडा ट्रॅक पेनड्राइव्हवर घेऊन तासाने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये जातो. लॅपटॉप आणि इंटरफेसमधून कोरडा आवाज बाहेर काढून, रीअ‍ॅम्प बॉक्समधून तिथल्या मोठ्या अ‍ॅम्पमध्ये सोडायचा आणि माइकने परत पकडायचा. बॉक्स लागतो कारण इंटरफेसचा आउटपुट गिटारपेक्षा जोरकस असतो आणि त्याचा इम्पीडन्सही वेगळा. तासाभरात अख्ख्या गाण्याच्या गिटारी खऱ्या अ‍ॅम्पमधून निघतात, बोटं मात्र घरी निवांत वाजवलेली.

मिक्समध्ये बसवताना

खालची मोकळी तार ८२ हर्ट्झची आहे, तेव्हा ८० च्या खालचं कापून टाका, ती जागा बासची. डिस्टॉर्शनच्या गिटारीत वरूनही ८,००० ते १०,००० च्या पलीकडचं कापा. गढूळ वाटत असेल तर २५० ते ४०० च्या दरम्यान दोन-तीन डीबी उतरवून बघा. इक्वलायझर गिटार एकटी वाजवून लावू नका, सगळं गाणं चालू असताना लावा. कोरडा आवाज नीट असेल तर याहून फार काही लागत नाही.

मग फोनवर टाकून विक्रोळी ते सीएसएमटी लोकलमध्ये साध्या इअरफोनवर ऐका. गाडीच्या खडखडाटात बास आणि गढूळपणा दोन्ही बुडतात, आणि गिटारचा जो भाग तरीही ऐकू येतो तो बरोबर आहे की टोचतोय ते तिथेच कळतं. घरी आल्यावर फोल्डर बंद करण्याआधी कोरडे ट्रॅक वेगळे, सुरुवातीच्या ठोक्यापासून सलग करून साठवा, नावात गाणं, भाग, टेम्पो आणि पिकअप लिहून, आणि एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा.